‘आपण’ हरलो, मग शिवी त्याला एकट्याला का?

पत्र थोडक्यात (नाव, गाव, विद्यापीठ वगळलं आहे): वाचक बाई अमेरिकेत मिडवेस्टमध्ये पंचवीसेक वर्षं राहतात. यजमान पुण्याहून एम. एस. करायला ज्या विद्यापीठात आले, त्याच्या बास्केटबॉल संघाचे ते तेव्हापासूनचे कट्टर चाहते. दर हंगामाची दोन तिकिटं आधीच घेऊन ठेवतात, एकावर स्वतः आणि दुसऱ्यावर बारा वर्षांचा मुलगा. मोठी मुलगी आता त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात घरच्याच कोर्टवर संघाचा ४१ गुणांनी धुव्वा उडाला. अकरा मिनिटं बाकी असतानाच यजमान मुलाला घेऊन उठले. रात्री त्यांनी संघातल्या एकोणीस वर्षांच्या एका खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर स्वतःच्या नावानिशी लिहिलं, ‘स्कॉलरशिप परत कर आणि घरी जा.’ हा मुलगा मुलीच्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात तिच्या पुढच्या रांगेत बसतो, आणि आडनाव अर्थातच दोघांचं, म्हणजे बापलेकीचं, एकच. बाबा माफी मागत नाहीत तोवर स्प्रिंग ब्रेकला घरी येणार नाही, असं मुलीने कळवलंय. यजमान म्हणतात, ‘तिकिटाचे पैसे मोजतो मी. शिवाय आता या पोरांनाही पैसे मिळतात. ऐकून घ्यायला काय झालं?’ बाई विचारतात, हा फक्त खेळ आहे हे ह्यांना कसं समजावू? आणि बाबा तसे नाहीत हे मुलीला कसं पटवू?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. ‘फक्त’. ‘हा फक्त खेळ आहे’ हे वाक्य तुम्ही गेली पंचवीस वर्षं अधूनमधून त्यांना ऐकवत असणार, आणि दर वेळी ते आणखी तडकत असणार. ताप भरलेल्या माणसाला ‘फक्त ताप आहे’ म्हणण्यासारखं आहे ते. खोटं काहीच नाही त्यात, पण कपाळावर हात ठेवायचा राहून जातो.

तुम्हीच ओझरतं लिहून गेलात की पहिल्या हिवाळ्यात, ओळखीचं कुणी नव्हतं, नाव कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, तेव्हा त्या प्रेक्षागारात त्यांना पहिल्यांदा ‘आपण इथले’ असं वाटलं. शेजारच्या अनोळखी माणसाने बास्केट झाल्यावर त्यांना मिठी मारली होती, आणि हा किस्सा ते अजून सांगतात. तुम्ही तो कंटाळून लिहिलाय, हे कळतं. पण ज्याला परदेशात आपलं म्हणायला पहिली जागा बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारी मिळाली, त्याच्यासाठी तिथे ४१ गुणांनी हरणं ही घरात चोरी झाल्यासारखी गोष्ट आहे.

शिवाय हे नुसतं मनाचं नसतं. जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक या दोन विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्याआधी आणि सामन्यानंतर काही पुरुष चाहत्यांची लाळ तपासली गेली होती. तो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. जिंकलेल्या बाजूच्या प्रेक्षकांचं टेस्टोस्टेरॉन चढलं होतं, हरलेल्यांचं उतरलं होतं. घाम गाळला दुसऱ्यांनीच, हे नुसते बसून होते! अभ्यास अगदी लहान होता, त्यावर माडी चढवायला मी जाणार नाही. पण ‘ह्यांना काय होतंय एवढं’ याचं थोडं उत्तर त्यात आहे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. जून १९७४, मी नऊ वर्षांची. लॉर्ड्सवर आपला संघ ४२ धावांत गारद झाला. त्यातल्या नाबाद १८ एकट्या एकनाथ सोलकरच्या. वडील त्या रात्री जेवले नाहीत. आमच्या कपाटाच्या दारावर अजित वाडेकरांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. तीनच वर्षांपूर्वी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकून आणली म्हणून वडिलांनीच तो खळीने चिकटवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो नखाने खरवडून काढला. अर्धा निघाला, अर्धा राहिला. वाडेकर त्या दौऱ्यानंतर भारताकडून कसोटी खेळले नाहीत, आणि वडील पुढे त्यांचं नाव निघालं की विषय बदलायचे. रागाने नव्हे, ओशाळून. कपाट मी अलीकडेच विकलं, तेव्हाही दारावर तो चौकोन दिसत होता.

तेव्हा दुःखाबद्दल माझी काही तक्रार नाही. ते कुणाच्या दारात नेऊन ओतलं, एवढ्याबद्दल आहे. माझ्या वडिलांच्या हातात फक्त कपाटाचं दार होतं. तुमच्या यजमानांच्या हातात फोन होता, आणि तो थेट त्या मुलाच्या उशाशी वाजत होता.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूने. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९७६ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत त्यांनी पाहिलं, की शनिवारी आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचे शर्ट जास्त दिसतात. त्यातच फोनवरून सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना पोरं ‘आपण जिंकलो’ म्हणण्याकडे झुकायची, आणि हरलेल्याबद्दल ‘ते हरले’. तुमच्या यजमानांचं तुम्ही उतरवून दिलेलं वाक्य काय आहे? ‘आपली लाज गेली.’ आपली! हरल्यावर हात झटकून ‘ते’ म्हणणाऱ्यांतले ते नाहीत. मला हे आवडलं, खरंच.

पण मराठीत ‘आपण’ या शब्दाला एक अट आहे, जी इंग्रजीतल्या ‘वी’ला नाही. ‘आम्ही’ म्हटलं तर समोरचा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की समोरच्याला आत घ्यावंच लागतं. त्या मुलासकट ‘आपण’ हरलो. मग त्याच रात्री त्याच मुलाला ‘तू घरी जा’ कसं म्हणता येईल? त्याचं घर कुठे आहे, हे तुमच्या यजमानांना ठाऊक होतं का? आणि ताई, ‘घरी जा’ हे दोन शब्द परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी कधी ना कधी रस्त्यात, दुकानात, गाडीच्या खिडकीतून ऐकलेले असतात. ते कुठे लागतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. यजमानांशी बोलायचं असेल तर या ठिकाणाहून सुरुवात करा. ‘फक्त खेळ’वरून नको.

पैशांचा मुद्दा त्यांनी काढलाय, तो टाकाऊ नाही. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून कमावता येतं. २०२५ पासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात; सगळ्या खेळांत मिळून पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. म्हणजे ‘बिचारी शिकणारी पोरं’ हे चित्र जुनं झालं, हे कबूल. संघ कसा निवडला, प्रशिक्षकाने बचाव का बदलला नाही, एवढा पैसा गेला कुठे, यावर यजमानांनी खुशाल टीका करावी, चारचौघांत करावी, अगदी हात आपटून करावी. पगार घेणाऱ्याच्या कामाबद्दल बोलता येतं. पण तुमचे यजमानही पगार घेतात. त्यांचं एखादं प्रोजेक्ट आपटलं, तर एखाद्या अनोळखी ग्राहकाने रात्री अकरा वाजता त्यांना ‘व्हिसा परत कर’ असं लिहिलेलं चालेल का? पैसे मोजल्याने सामना बघायचा हक्क मिळतो. तोंडसुख घ्यायचा मिळत नाही.

इथे एक अवघड प्रश्न विचारते. राग मानू नका. यजमान पैजा लावतात का? तुमच्या पत्रात तसं काही नाही, कदाचित नसेलच. पण मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजेची देशव्यापी बंदी रद्द केली आणि त्यानंतर तीसहून जास्त राज्यांत ती कायदेशीर झाली. आता फोनवर बसल्या जागी, अमुक खेळाडू किती गुण करेल यावरसुद्धा पैसे लागतात. खेळाडूंना येणाऱ्या शिव्याशापांत हरलेल्या पैजांचाही वाटा आहे, म्हणूनच महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए राज्यांच्या मागे लागली आहे की एकेकट्या विद्यार्थी-खेळाडूवरच्या पैजा बंद करा. ओहायोने २०२४ मध्ये केल्याही. संघ हरल्यावर एकाच पोरावर एवढा राग निघाला, म्हणून शंका आली, एवढंच. शांतपणे, मुलांच्या माघारी विचारा. ‘हो’ आलं, तर हे पत्र बाजूला ठेवा. तो वेगळा आजार आहे आणि त्याची मदत वेगळी असते.

‘नाही’ आलं, असं धरून पुढे जाते.

४१ गुणांच्या पराभवाचा अर्थ यजमान लावतात तेवढा मोठा असतोच असं नाही. हे मी माझ्या भाच्याकडून शिकले. तो ओक्लाहोमात शिकला, आणि २०१६ चं नाव काढलं तरी पोटात दुखतं त्याच्या. त्या हंगामात ७ डिसेंबर २०१५ ला हवाईत, पर्ल हार्बरला, ओक्लाहोमाने व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या संघाला ७८-५५ असं चोपलं. व्हिलानोव्हाने लांबून ३२ वेळा तीन गुणांचा नेम धरला, ४ लागले. चार महिन्यांनी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, अंतिम चौघांत, पुन्हा हेच दोघे समोरासमोर. व्हिलानोव्हा ९५, ओक्लाहोमा ५१. ४४ गुणांचा फरक, त्या टप्प्यावरचा तोवरचा सगळ्यांत मोठा. त्या रात्री व्हिलानोव्हाचे शंभरातले एकाहत्तर नेम आत जात होते. म्हणजे त्याच दोन संघांत, एकाच हंगामात, ६७ गुणांनी पारडं फिरलं. चाळीस मिनिटांच्या खेळात तीस सेकंदांच्या आत चेंडू टाकावाच लागतो. एकाचं लागत गेलं आणि दुसऱ्याचं कडीवर आपटत राहिलं, की मागे पडलेला घाईने आणखी लांबून टाकतो, ते चुकतं, परत येणारा चेंडू समोरचा धावत नेऊन टाकतो. वीसचे चाळीस व्हायला पाच मिनिटं पुरतात. त्यात कुणा एकाची नालायकी शोधायला गेलं की वड्याचं तेल वांग्यावर निघतं.

आणि व्हर्जिनियाची गोष्ट तर यजमानांना पाठ असेल. १६ मार्च २०१८, त्याच राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा व्हर्जिनिया सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या मेरीलँडमधल्या विद्यापीठाकडून ७४-५४ हरला. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर अशा लढती १३५ झाल्या होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या पहिल्या मानांकनाने जिंकल्या होत्या. मध्यंतराला गुण २१-२१ होते, बरं का. जे झालं ते उरलेल्या वीस मिनिटांत. त्या संघातल्या काइल गाय या मुलाने पराभवाच्या क्षणाचा स्वतःचाच खाली वाकलेला फोटो पुढे प्रोफाइलला लावला होता. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरले असताना, दोन गुणांनी मागे असताना, त्यानेच तीन फ्री थ्रो, म्हणजे एकेका गुणाचे मोफत नेम, घातले, आणि व्हर्जिनिया विजेता झाला.

पण ही गोष्ट त्यांना सांत्वन म्हणून सांगू नका, अशी माझी विनंती आहे. सगळे हेच करतात, आणि त्यात गोम आहे: जणू पुढे जिंकला म्हणून त्या मुलाला माफी. आणि नसता जिंकला तर? कॅलटेकचं नाव घ्या. नोबेलवाल्यांचं विद्यापीठ ते. बास्केटबॉलमध्ये आपल्या गटातले सलग ३१० सामने हरलं. १९८५ पासून, पिढ्या उलटल्या. २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटलविरुद्ध ४६-४५ असा एक जिंकलं. मधल्या वर्षांत आलेली मुलं गटातला एकही सामना न जिंकता पदवी घेऊन गेली, आणि त्या सामन्यांनाही कुणीतरी येऊन बसत होतंच.

यजमान अकरा मिनिटं आधी उठले, त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. उठावंसं वाटतं. पण काय हुकलं ते सांगते. भाच्याला भेटायला गेले होते तेव्हा तो मला एका छोट्या महाविद्यालयाचा सामना बघायला घेऊन गेला. आमची बाजू पस्तीसने मागे होती. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली की प्रशिक्षक मुख्य पाच जणांना बसवतात आणि बाकाच्या टोकाची पोरं उतरवतात. त्यांना तिकडे वॉक-ऑन म्हणतात: स्कॉलरशिप नाही, कुणी बोलावून आणलेलं नाही, वर्षभर सरावात मार खायचा आणि सामन्यात टॉवेल द्यायचा. अशा एका बुटक्या पोराने अंगावरचा वॉर्म-अपचा शर्ट काढायला घेतला, तर तो डोक्यातच अडकला. बाक हसायला लागला. माझ्या पुढे दोन रांगा सोडून एक बाई उभी राहिली आणि तिने फोन काढला. अर्थात आई. पोराने एक बास्केट घातली, पस्तीसचे तेहेतीस झाले, आणि अख्खा बाक उड्या मारायला लागला, कप जिंकल्यासारखा. ती बाई शूटिंग करायचं विसरून नुसती फोन धरून उभी. मला बास्केटबॉल कळत नाही, पण त्या दिवशी मी पैसे वसूल करून आले.

आता माफीचं. मुलीचं म्हणणं बरोबर आहे. फक्त तिने घातलेली अट अवघड आहे, कारण अटीवर मागितलेली माफी मुलीसाठी असते, त्या मुलासाठी नाही. यजमानांनी आधी ती ओळ काढून टाकावी, आजच, कुणी पाहिली असो वा नसो. मग दोन वाक्यं लिहावीत. मी त्या रात्री तुला जे लिहिलं ते चुकीचं होतं. मला माफ कर. संपलं. ‘मी अठ्ठावीस वर्षं चाहता आहे’ नको, ‘रागाच्या भरात’ नको, ‘पुढच्या सामन्याला शुभेच्छा’ तर नकोच नको. उत्तराची वाट बघायची नाही. उत्तर न द्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि बहुधा त्याच्याकडे अशा ओळींचा ढीग असेल, त्यात ही हरवून जाईल. जाऊ दे. मुलीच्या हाती निरोप मात्र अजिबात पाठवू नका. तिला त्या वर्गात अजून अर्धं सत्र त्याच्या मागे बसायचंय.

पुढच्या वेळेसाठी साधा घरगुती नियम. यजमानांसारखे पुष्कळ वाचक आहेत, क्रिकेटवालेही त्यात आले, म्हणून लिहिते. हरल्यावर फोन गाडीच्या डिकीत टाकायचा, घरी यायचं, गरम काहीतरी पोटात ढकलायचं, आणि जे लिहायचं ते झोपून उठल्यावर. सकाळीही लिहावंसं वाटलं, तर खेळाडूला लिहायचं नाही. ज्याच्याबरोबर पंचवीस वर्षं सामने बघितले त्या मित्राला फोन करून तासभर रडायचं. शिव्या द्यायला ते माणूस उत्तम असतं, ते परत देतं.

तुम्ही विचारलंत, बाबा तसे नाहीत हे मुलीला कसं पटवू. पटवू नका. त्या रात्री ते तसे होते. ते नेहमी तसे नसतात, हे तिला एकोणीस वर्षं माहीत आहे. म्हणून तर तिला एवढं लागलं. तुम्ही मध्ये उभ्या राहून दोघांचे निरोप इकडून तिकडे नेत बसलात तर दोघं तुमच्याशीच बोलत राहतील. तिला एवढंच सांगा की बाबांशी तू बोल, हवं तर भांड, मी पोळ्या करतेय. आणि घरी येणं-न येणं हे माफीला बांधू नकोस, म्हणावं. ते घर तिचंही आहे.

तुमच्याकडून मात्र मला एक हवं आहे. घरचे दोन सामने उरलेत असं लिहिलंय. त्यातल्या एकाला तुम्ही जा, यजमानांशेजारी. पंचवीस वर्षांत तुम्ही दोनदाच गेल्याचं लिहिलंय, आणि दोन्ही वेळा पुस्तक घेऊन. या वेळी पुस्तक घरी ठेवा. काही कळलं नाही तर त्यांना विचारा, सांगायला फार आवडेल त्यांना. आणि भोंगा वाजेपर्यंत दोघांनीही उठू नका, गुण काहीही असोत.

तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात, तर एक खुर्ची कमी पडेल, हे लक्षात आलंय माझ्या. ती मुलाची आहे. तुमच्या चार पानी पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘धाकटा त्या रात्री गाडीत काही बोलला नाही.’ बारा वर्षांचा मुलगा, अकरा मिनिटं आधी हाताला धरून उठवलेला, मागच्या सीटवर बसून चाळीस मिनिटं बाबांचं बोलणं ऐकत आलेला. त्याला तो खेळाडू आवडत होता का, हे त्याला कुणी विचारलंय का? तिसरं तिकीट काढा. आणि सामन्याला निघायच्या आधी, यजमान गाडी काढत असतील तेव्हा, तुम्ही त्याला विचारा.